सातवा खंड

"काय आणलंय मास्तर, शेंगा व्हय?" गिरणीच्या तोंडात जोंधळा ओतता ओतता आबांनी ओरडून विचारलं. गिरणी चालू असली की आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे, आणि ती बंद झाली तरी सवय काही जायची नाही.

"शेंगा वरती हायत. खाली दुसरंच हाय. आधी ते धूड बंद कर बघू."

आबांनी गिरणी बंद केली. गुणाजी सरनोबत म्हणजे आमच्या शाळेचे मास्तर आणि आबांचे चड्डीत असल्यापासूनचे दोस्त. त्यांनी पिशवीतल्या ओल्या शेंगा आईच्या सुपात ओतल्या आणि तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक काढलं. तांबडी कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. 'मावळमुलखाचा साद्यंत इतिहास, खंड चौथा.'

"चौथा?" आई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं, पण मास्तरांनी नाव मोठ्यानं म्हटलं ते तिनं ऐकलं होतं. "लोकं पयल्यापास्नं सुरू करत्यात. आमच्याकडं सगळंच उलटं."

"वहिनी, बाजारात रद्दीवाल्याच्या तराजूत पडलं होतं. सहज चाळलं आणि हातपाय गार झाले." मास्तरांनी गवताची काडी घालून ठेवलेलं पान उघडलं. "शाले, हात पूस आणि हितनं वाच."

मी तेव्हा सातवीत होते आणि वाचण्यात पटाईत होते. पानाच्या अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक टीप होती. मी खणखणीत आवाजात वाचली. 'अंजनकडा किल्ल्याचा दरवाजा सुभानजी नाईकवडे याने फितुरी करून शत्रूस उघडून दिला, अशी लोककथा त्या भागात सांगतात. ती ग्राह्य धरता येत नाही. याविषयीची अस्सल कागदपत्रे सातव्या खंडात देऊ.'

आबांच्या भुवयांवर पीठ साचलेलं होतं, त्यामुळे ते घाबरलेत की हसतायत हे कळत नव्हतं.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचली. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावली. मग हात धोतराला पुसून, पानाला न शिवता, नुसतं बोट वर धरून विचारलं, "ग्राह्य धरता येत न्हाई म्हंजी? खोटं?"

"खोटं असणार असं म्हणतोय तो. पुरावा सातव्यात देतो म्हणतोय."

"मग सातवा आणा की!"

"अजून निघालाच न्हाई. पाचवा छापतायत म्हणं."

आई सूप घेऊन आत गेली. शेंगा निवडायच्या सोडून ती चुलीपुढं पाठमोरी बसली. तिचे खांदे हलताना मी पाहिले.

आता हे का, ते सांगायला हवं. आम्ही नाईकवडे. आमचं माचीवाडी गाव अंजनकड्याच्या पायथ्याशी. किल्ला पडला त्याला शेकडो वर्षं झाली असतील, पण आमच्या गावाला तो काल संध्याकाळी पडल्यासारखा. चैत्रात अंजनाईची पालखी गडावरून उतरते आणि घरोघरी थांबते. बायका भोयांच्या पायांवर पाणी घालतात, देवीची ओटी भरतात, ओवाळतात. पहिला मान सरनोबतांचा, कारण त्यांचा रायाजी सरनोबत त्या वेढ्यात शर्थीनं लढून पडला म्हणतात. त्याच्या नावाचा शेंदूर लावलेला दगड वेशीवर आहे. सरनोबतांच्या शेजारचं घर आमचं. तिथं पालखी थांबत नाही. नुसती थांबत नाही एवढंच असतं तर सोसलं असतं. आमच्या दाराशी आल्यावर ढोल बंद होतात, भोई खांदा बदलून देवीचं तोंड पलीकडं करतात, आणि आमची भिंत संपली की ढोल पुन्हा सुरू.

सगळं गाव आमच्या गिरणीचं पीठ खात होतं, त्यात मात्र कुणाला फितुरी लागली नाही.

आई लग्न होऊन आली त्या पहिल्या जत्रेला हिरवी साडी नेसून, खण-नारळाचं ताट घेऊन दारात उभी राहिली होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ढोल बंद झाले तेव्हा तिला वाटलं, आपल्या ओवाळण्यासाठीच थांबले. ती पंचारती घेऊन पुढं झाली, आणि पालखीनं तिच्याकडं पाठ केली. त्या दिवसापासून आई गडावर गेली नव्हती. "ती पाठ फिरवती, मग म्या कशाला तोंड दाखवू?" असं म्हणायची. देवीशी अबोला धरणारी बाई आमच्या पंचक्रोशीत दुसरी नव्हती. पण दर चैत्रात ती पंचारती चिंचेनं घासून लख्ख करायची, ताट भरायची, आणि दाराच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी, उभी राहायची. भांडण होतं, पण आशा सुटली नव्हती.

तर असा आमच्याकडं चौथा खंड आला आणि सातव्याची वाट पाहणं सुरू झालं.

मास्तरांनी पुण्याच्या प्रकाशकाला पत्र टाकलं. उत्तर आलं की खंड सुटे मिळत नाहीत, जो पुढचे सगळे घेईल त्यालाच ते टपालानं जातात, मागचे संपलेत. छपाईही नोंदणी होईल तेवढ्याच प्रतींची. आबांनी तिथल्या तिथं नाव नोंदवलं. पाचवा आला. आबांनी तो चौथ्याशेजारी उभा केला आणि पाहतच राहिले. दोन्ही पुस्तकं एकाच उंचीची, एकाच तांबड्या रंगाची, आणि पाठींच्या खालच्या अंगाला सोनेरी रेघांत तटबंदी काढलेली. चौथ्यावरचा तट पाचव्यावर पुढं सरकत होता. तटाच्या माथ्यावरच्या दातेरी चर्याही जुळत होत्या.

"मास्तर, हे तर जोडकाम हाय," आबा म्हणाले. "डावीकडं तट मोकळाच सुटलाय की."

झालं. दुसऱ्या दिवसापासून पहिले तीन खंड हुडकायचा ध्यास लागला. ज्याला त्याला सांगून ठेवलं. दुसरा साताऱ्याच्या एका वकिलाच्या घरून मिळाला, पहिला आणि तिसरा एका बंद पडलेल्या वाचनालयाच्या पसाऱ्यातून; सहावा टपालानं आला. आबांनी गिरणीच्या जुन्या सागवानी चौकटीची फळी करून भिंतीला ठोकली आणि तट पुरा केला, निदान सहाव्यापर्यंत. गावातली माणसं दळण घेऊन यायची, फळीकडं बघायची आणि म्हणायची, "हैबती, किल्ला परत बांधतोयस काय?" आबा हसायचे. आई म्हणायची, "त्यांच्या आज्यानं पाडला म्हंत्यात न्हवं, मग नातवानं बांधावाच." दसऱ्याला ती सगळ्या खंडांना हळदकुंकू वाहायची. तांबड्या कापडावर कुंकू दिसायचं नाही, हळद तेवढी दिसायची.

मंगळवारी आमच्याकडं लाइट नसायची, म्हणून गिरणीला सुट्टी. त्या दिवशी शाळा सुटली की मास्तर यायचे आणि दोघं मिळून पहिल्या खंडापासून वाचत बसायचे. म्हणजे मी वाचायचे. आबांचे डोळे पिठानं आणि मोतीबिंदूनं अधू झालेले, आणि मास्तरांना चष्मा लावून वाचण्यापेक्षा डोळे मिटून ऐकायला आवडायचं. लेणी, ताम्रपट, राजांच्या वंशावळी असं काय काय चालायचं.

"आपलं गाव कवा येतंय?" आबा मधेच विचारायचे.

"अजून हजार वर्षं हायत," मास्तर डोळे न उघडता म्हणायचे. "दम धर."

आणि आबा खरोखरच दम धरून बसायचे. त्यांच्यासारखा ऐकणारा मी पुढं कुठं पाहिला नाही.

सातवा मात्र येईना. संपादक म्हातारे, कागदपत्रं फार, असं प्रकाशकाचं कार्ड आलं. वर्षं जात राहिली. माझी मॅट्रिक झाली. आईला छातीचा दमा जडला. पीठ कुणाला सोडतंय? अशाच एका फाल्गुनात आणखी एक कार्ड आलं. सातवा खंड बांधणीला गेला आहे, महिन्याभरात पाठवतो.

मास्तर ते कार्ड घेऊन तडक मारुतीच्या देवळात गेले. जत्रेची बैठक बसली होती. आबाही होते, पण खांबामागं. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "पहिला मान माझ्या घराचा, म्हणून मी बोलतो. सातव्या खंडात हैबतीचं घराणं निर्दोष असल्याचं छापून आलं, तर औंदा माझ्या दारातनं पालखी निघंल ती हैबतीच्या दारात थांबंल. ढोलासकट. आणि उलटं छापून आलं तर हा विषय मी जन्मात पुन्हा काढणार न्हाई."

जुन्या माणसांनी कुरकुर केली. "पुस्तकातलं खरं कशावरनं?" एकानं विचारलं.

"माझ्या तोंडातलं खरं मानताय न्हवं? मग मी मानतो त्ये मान्य करा."

सरनोबतांच्या शब्दापुढं कोण जाणार? ठरलं. त्या दिवशी आबा घरी आले ते आईशी काही बोलले नाहीत, फक्त फडताळातली पंचारती काढून तिच्यापुढं ठेवली. आई लाजली. मी तिला त्याआधी लाजताना पाहिलं नव्हतं.

जत्रा तोंडावर आली आणि पार्सल आलं. पोस्टमन ते गिरणीतच देऊन गेला. गिरणी रिकामी होती. आई मागच्या अंगणात चिंच भिजत घालून पंचारती घासायला बसली होती. आबांनी सुतळी कापली नाही, गाठ सोडवली. मी पुस्तक उघडलं, नाईकवडे नाव कुठं आहे ते मागच्या सूचीत शोधलं आणि पान काढलं.

"सावकाश वाच," आबा म्हणाले. "एकेक शब्द वाच."

मी वाचू लागले. वेढा घालणाऱ्या सरदारानं आपल्या धन्याला धाडलेल्या पत्राची ती नक्कल होती, खाली संपादकांनी सोप्या मराठीत अर्थ दिलेला. 'किल्ल्याच्या मोठ्या दरवाजावर सुभानजी नाईकवडे म्हणून दरवाजाचा पहारेकरी होता. तो अखेरपर्यंत हटला नाही व तेथेच आपल्या दोन थोरल्या मुलांसह ठार झाला.'

माझा आवाज चिरकला. "आबा! दोन मुलांसकट! आबा, आपण न्हाई केलं!"

आबा पिठाच्या पोत्यावर बसले. त्यांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच्या पिठात त्याचे ओघळ उठले. "दोन पोरं," ते म्हणाले. "पोरं हुती म्हनायची त्याला." जणू काल वारलेल्या माणसाची चौकशी करावी तसं.

मी आईला हाक मारायला उठले.

"थांब. पुढं काय हाय त्ये वाच. समदं वाच."

मी वाचलं. 'दरवाजा फुटेना, तेव्हा किल्ल्याची चोरदिंडी आतून उघडण्यात आली. ती उघडणारा रायाजी सरनोबत. त्याबद्दल त्यास मौजे माचीवाडी येथील ओढ्यापलीकडील जमीन इनाम दिली. पुढे त्याच्याच वंशजांनी दोष नाईकवड्यांवर घातलेला दिसतो.'

बाहेर आईच्या बांगड्या वाजत होत्या आणि पितळेवर चिंचेचा चोथा खसखसत होता.

"ओढ्यापलीकडली म्हंजी..." आबा म्हणाले.

"मास्तर गुर्जींची. शेंगांची पट्टी."

"त्याच रानातल्या शेंगा त्यानं आणल्या हुत्या. चौथ्या खंडावर घालून." आबांनी बाहीनं गाल पुसले. मग म्हणाले, "हे मिटव."

"आबा, आता पालखी थांबंल की! ठरलंय न्हवं? गुर्जींनीच शब्द दिलाय!"

"कुणाच्या दारातनं निघून थांबंल, शाले?"

मी बोट पानातच ठेवून आबांकडं पाहिलं.

"त्या माणसानं दुसऱ्याच्या घरासाठी हुडकलं हे. रद्दीतनं हुडकलं. आनि आता त्याच्या हातात हे द्यायचं? त्याच्या बापाच्या, आज्याच्या नावाचा शेंदूर गाव खरवडून काढंल. त्याच्या दारावरनं ढोल मुके जातील. त्याची सून ताट घिऊन उभी राहील." आबा उठले आणि पुस्तक माझ्या हातातून घेतलं. "आपल्याला सवय हाय. त्याला न्हाई."

"आणि आईला?" मी विचारलं. मला राग आला होता. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते पानावर आलं, आणि हा माणूस ते मिटवून काखेत मारत होता. "आईनं किती वर्षं तोंड लपवून काढली? तिला तरी सांगा!"

"तिला सांगितलं तर ती गप बसंल? आनि बसली तरी मास्तरांच्या तोंडाकडं बघंल कशी? त्यांच्या हातचं पान खाईल कशी?" मग अगदी हळू म्हणाले, "तुज्या आईचं... तिचं माझ्याकडनं हुईत न्हाई, शाले. माझ्याकडनं कुणाचं तरी एकाचंच भलं हुनार हाय."

तेवढ्यात मास्तर आले. पोस्टमननं त्यांना रस्त्यातच सांगितलं होतं. पायात चप्पल नव्हती, हातात पेढ्यांचा पुडा होता. माणूस साठीकडं झुकलेला, आणि पोरासारखा धावत आला होता.

"आलं म्हणं! वाचलं? काय म्हणतोय? हैबती, बोल की लेका!"

आई मागच्या दारात येऊन उभी राहिली. पंचारती तिच्या हातात होती, अर्धी उजळलेली, अर्धी काळी. चिंचेचं पाणी तिच्या मनगटावरून खाली गळत होतं.

आबांनी पुस्तक पोटाशी धरलं. "खरं हुतं त्ये, मास्तर," ते म्हणाले. "आमच्याच घरानं उघडला दरवाजा. कागदपत्रं दिल्यात त्यानं."

"शक्य न्हाई! चौथ्यात तर..."

"चौथ्यात त्याला म्हाईत नव्हतं. नंतर घावलं."

"दे हिकडं. मी वाचतो."

"नगं."

"हैबती, दे तर खरं! एखादा शब्द इकडंतिकडं..."

"मास्तर, माझी लाज हाय ती. माझ्यापाशी राहू दे." आबांचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. "शालनं वाचलंय. इचारा तिला."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. आबांनीही पाहिलं. मी मान खाली घातली, आणि मास्तरांना तेवढं पुरलं.

ते पिठाच्या फरशीवर मटकन खाली बसले आणि स्वतःच्या कपाळावर मारून घेऊ लागले. "मी कशाला आणलं ते रद्दीतनं? बरी होती की तुमची झाकली मूठ! मीच, मीच बैठकीत उठून शब्द दिला. आता कोणत्या तोंडानं..." आबा त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागले. म्हणजे ज्याचं घर पुसलं गेलं तो समजूत घालत होता, आणि ज्याचं वाचलं तो रडत होता. पेढ्यांचा पुडा फरशीवर सुटून पडला होता.

मी आईकडं पाहिलं. ती रडली नाही. "बरं झालं, कळलं तरी," एवढंच म्हणाली आणि पंचारती तशीच फडताळात ठेवून दिली. ती पुन्हा कुणी घासली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आई घरात नव्हती. दम्याची बाई, अनवाणी, एकटी अंजनकडा चढून गेली होती. दुपारी परत आली तेव्हा ओठ निळे पडले होते. मी पाणी दिलं.

"कुठं गेलीवतीस?"

"आईकडं. अंजनाईपुढं नाक घासून आले." तिनं धाप लागता लागता सांगितलं. "इतकी वर्सं तिच्यावर रुसून बसले गं म्या. ती बरोबर हुती. तिचं काय चुकलं? फितुरांच्या दाराकडं कोन बघंल?"

मी आबांकडं पाहिलं. ते गिरणीच्या दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं, आत गेले आणि गिरणी सुरू केली. दळायला काहीच नव्हतं. रिकामी गिरणी ते कितीतरी वेळ चालवत राहिले.

त्या जत्रेला ढोल आमच्या दाराशी बंद झाले ते नेहमीपेक्षाही गप्प वाटले. आई दाराच्या आत उभी राहिली नाही. मागच्या अंगणात, विहिरीकडं तोंड करून बसली होती.

पुढं आठवा आला, नववा आला आणि मालिका संपली. आबांनी दोन्ही खंड फळीवर लावले आणि सहाव्यानंतर एका पुस्तकाची जागा मोकळी ठेवली. सोनेरी तटाला तिथं खिंडार पडलेलं होतं. सातवा माझ्या शाळेच्या पत्र्याच्या पेटीत गेला. मास्तर अजूनही मंगळवारी यायचे, पण फळीकडं पाठ करून बसायचे. पाऊसपाण्याचं बोलायचे. हजार वर्षांचं पुन्हा कुणी वाचलं नाही.

मला कराडला दिलं. लग्न जमताना आमच्या घराण्याची गोष्ट निघालीच; मुलाकडची माणसं म्हणाली, "आम्ही असलं मानत नाही," आणि ते ज्या सुरात म्हणाली त्यावरून मानत होती हे कळलं. आबा गेले ते झोपेतच गेले. शेवटी शेवटी मला एकदा म्हणाले होते, "तुजी आई चांगली हाय न्हवं?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर काही वर्षांनी आईनं अंथरूण धरलं. मी माचीवाडीला जाऊन राहिले. मास्तर तेव्हा ऐंशीच्या घरात होते, पण काठी टेकत रोज संध्याकाळी वहिनींची चौकशी करायला यायचे. येताना काहीतरी आणायचे. शेंगा, नाहीतर हरभऱ्याची जुडी.

एका संध्याकाळी आई म्हणाली, "शाले, मला नेताना पायथ्याच्या अंजनाईच्या देवळावरनं नेऊ नका. मागनं, ओढ्याकडनं न्या. म्या भावजींनाबी सांगून ठेवलंय."

"का गं?"

"तिच्या दारावरनं कशी जाऊ? फितुराच्या घरची मी. तिला इटाळ नगं."

मला ते ऐकवलं नाही. आबा गेले होते. त्यांचं मौन त्यांच्याबरोबर जळलं असं मी मनाशी ठरवलं. माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, सातवा खंड घेतला आणि आईच्या उशाशी बसून ते पान वाचलं. रायाजीचं नाव गाळलं, सुभानजीचं तेवढं वाचलं. दरवाजा, पहारा, दोन मुलं. आई डोळे उघडे ठेवून ऐकत होती.

"ह्ये त्यात हाय?"

"व्हय आई. हितंच हाय. छापलंय."

"मग तुज्या बापानं उलटं सांगितलं म्हनतीस?"

"व्हय."

"कशापायी? आपल्याच घरावर आळ घ्यायला?"

ते सांगायचं तर दुसरं नाव सांगावं लागणार होतं.

आईनं मान हलवली. तिला माझी कीव आली असावी. "तुजा बाप उभ्या जन्मात माझ्याशी खोटं बोलला न्हाई. तू लेक हाईस. म्हातारी मरतीया तर तिला सुखानं मरू द्यावं म्हनून काईबाई वाचतीस. मला कुठं वाचाय येतंय? तू जे म्हनशील त्ये तिथं."

"आई, देवीची शपथ."

"तिची शपथ घालू नगंस." तिला धाप लागली. ती थांबली, आणि मग एकदम तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, पंचारती पुढं ठेवली होती त्या दिवशीसारखं. तिनं माझं मनगट धरलं. "असं कर. भावजी येतील आता. त्यांच्या हातात दे. त्यांनी वाचून सांगितलं तर मानीन. त्ये खोटं बोलायचं न्हाईत."

अंगणात काठी वाजली.

"वहिनी, बरं हाय न्हवं?" मास्तर उंबऱ्यात आले. दुसऱ्या हातात पिशवी होती. त्यांनी माझ्या मांडीवरचं तांबडं पुस्तक पाहिलं आणि ओळखलं. "शाले, ते कशाला काढलंस बाई?"

"भावजी," आई म्हणाली, "ही म्हनती त्यात आमचं चांगलं लिवलंय. तुमी वाचा. तुमी वाचा म्हंजी झालं."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या म्हाताऱ्या डोळ्यांत आशा होती, खरंच होती. इतक्या वर्षांनी, अजून. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खिशातून चष्मा काढला आणि हात पुढं केला.

मी पुस्तक मिटलं.

"न्हाई गुर्जी," मी म्हणाले. "आईच्या समाधानासाठी मी मनानंच सांगत होते."

मास्तरांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. आईनं माझं मनगट सोडलं आणि भिंतीकडं तोंड केलं. "म्या म्हनलं न्हवतं?" ती म्हणाली. पिशवीतल्या शेंगा मी सुपात ओतल्या. ओढ्यापलीकडच्या होत्या.

आई त्याच आठवड्यात गेली. माणसं जमली, तिरडी उचलली. मास्तर काठी टेकत सगळ्यांच्या पुढं चालत होते, कुणी थांबा म्हणालं तरी थांबेनात. देवळाचा फाटा आला. खांदेकरी नेहमीच्या सवयीनं तिकडं वळणार होते, तेव्हा मास्तरांनी हात वर करून त्यांना अडवलं आणि ओढ्याकडच्या वाटेला लावलं.